शटरची कड

दुकानाच्या अर्ध्यावर अडकणाऱ्या शटरची कड शिंपीणबाईंच्या डोक्याला लागली, त्याला आठवडा झाला. टेंगूळ उतरलं, पण डोकेदुखी काही पाठ सोडेना. मशीन सुरू केलं की कपाळात ठणका!

डॉक्टरांनी नीट तपासलं. "घाबरण्यासारखं काही नाही. शटर नवीन बसवलंय का?"

"छे! तीस वर्षं तेच मेलं शटर."

"मग आजवर कसं लागलं नाही?"

बाईंनी डोक्यावरून हात फिरवला. त्या आत शिरताना नवरा कडेखाली तळहात धरायचा. रोज डोकं त्या हाताला घासून जायचं. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून त्या रोज फटकारायच्या.

त्याला जाऊन दोन महिने झाले होते; बंद दुकान गेल्याच आठवड्यात पुन्हा उघडलं होतं. बाई अजूनही तेवढ्याच वाकत होत्या.