तेवीस हजारांचा गळ आणि माझ्या भावाचा हात

महागडी काठी आणि रीळ घ्यावं का, हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारला, की ठरवलं, आता पाण्यावर जाऊनच उत्तर द्यायचं. मी संभाजीनगरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि चार वर्षांपासून गळ टाकते. पहिली तीन वर्षं बाराशे रुपयांच्या सेटवर काढली. या वर्षी साडेअकरा हजारांची कार्बनची काठी आणि तेवढ्याच किमतीचं रीळ घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही सेट गाडीत टाकले आणि माजलगाव धरणाच्या बॅकवॉटरला निघाले. मुक्काम सिरसाळ्याला, धाकट्या भावाकडे. बापूचं तिथं बी-बियाणांचं दुकान आहे.

सकाळी सहाला निघालात तर गेवराईपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे. तिथं पोहे-चहा चाळीस रुपयांत होतो. माजलगाव सोडून सिरसाळ्याकडे वळलं की मात्र काचा वर घ्या. परळीच्या वीजकेंद्राकडून राखेचे टिप्पर येतात, त्यांच्यावरची ताडपत्री नुसती नावाला असते. एका टिप्परच्या मागे मी वीस मिनिटं अडकले होते. घरी पोचले तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. पेट्रोल, जाऊन-येऊन आणि धरणाच्या चकरा धरून, पावणेतीन हजारांचं लागलं.

जेवायला भावजयीनं भाकरी, ठेचा आणि मेथीची पातळ भाजी केली होती. मी काठीचा खोका उघडला आणि बापूनं किंमत विचारली. मी खरी सांगितली. चूक झाली.

"तेवीस हजार? आक्का, येडी झालीस का? एवढ्यात जल्मभर मासे इकत घेऊन खाल्ले असते."

बुलेटच्या सायलेन्सरवर याच माणसानं नऊ हजार घातलेत. गाव जागं करण्यापलीकडे त्या सायलेन्सरचा काय उपयोग, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. भावजय खाली मान घालून भाकरी वाढत होती. मीही गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचाही आता राग येतो.

दुसऱ्या दिवशी एकटीच बॅकवॉटरला गेले. तिथं मासेमारी एका सोसायटीकडे आहे. काठावर काठीमागे शंभर रुपये घेतात आणि मागितली तर पावती देतात. मागाच. शेजारी पत्र्याच्या टपरीत गयाबाई चहा विकतात. त्यांचे मालक धरणात जाळी टाकतात. पाणी कुठं खोल, कुठं बुडालेल्या बाभळीत गळ अडकतो, हे त्यांनी दहा रुपयांच्या चहात सांगून टाकलं.

त्या दिवशी मुद्दाम स्वस्त सेट वापरला. कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा, साधा गळ. दुपारपर्यंत दोन लहान रोहू मिळाले. मग एक मोठा मासा लागला आणि बाराशेच्या रिळानं आपली किंमत दाखवली. रिळाला एक ब्रेक असतो. मासा जोरात पळाला की दोरी तुटण्याआधी त्यानं ती थोडी थोडी सोडायची असते. स्वस्त रिळाचा ब्रेक आधी अडकला, मग झटक्यानं सुटला, पुन्हा अडकला आणि दोरी तुटली. तेव्हा लिहून घ्या: पैसे घालायचे असतील तर आधी रिळात घाला.

तिसऱ्या दिवशी नवा सेट काढला. बापूही आला, "बघू तरी तुझी सोन्याची काठी" म्हणत. दोन तास फोनवर जोरजोरात बोलत काठावर फिरला. मग कंटाळून माझ्यामागे खुर्ची टाकून बसला. साडेदहाच्या सुमारास काठीचं टोक एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं आणि खाली गेलं.

काय सांगू त्या रिळाबद्दल! मासा तीस-चाळीस हात पळाला आणि दोरी अशी सुटत गेली जशी तेल घातलेली गिरणी. एक झटका नाही. मासा थांबला की मी ओढायची, पळाला की सोडायची. तळहातातून त्याच्या शेपटीचा प्रत्येक फटकारा कळत होता. तेवढ्यासाठी ती काठी होती. पंधरा मिनिटांनी तो काठापासून दहा हातांवर आला आणि पाण्यावर उलटला. कटला होता. गयाबाई टपरी सोडून खाली आल्या होत्या.

"सात-आठ किलोचा हाय, म्याडम. घाई करू नका."

मी घाई करतच नव्हते. बापू उठला.

"दे इकडं. तुला न्हाई झेपायचं."

"हात लावू नको, बापू."

"अगं सोड की! जाईल तो."

त्यानं माझ्या हातातून काठी हिसकावली. ब्रेक करकचून आवळला. एक हात मुठीच्या वर, काठीच्या मधोमध धरला आणि काठी सरळ आभाळाकडे उचलली. मासा जवळ, काठी उभी, ब्रेक बंद. सगळा ताण शेवटच्या फूटभरावर आला. अकरावीचं पोरगंही सांगेल पुढं काय होणार ते.

काडकन् आवाज झाला. काठीच्या मोडक्या टोकावर घासून दोरी तुटली. कटला क्षणभर तिथंच पडून राहिला, जणू त्यालाही खरं वाटेना. मग गेला.

"काय डुप्लिकेट माल हाय बे हा!" बापू हातातल्या काठीकडे बघत म्हणाला.

गयाबाई बोलल्या.

"त्यांच्या हातात मासा व्हता. तुमी कावून हात घातला?"

"मावशी, तुमी तुमचा चहा बघा."

"चहा बघतेच की. तीस वर्सं काठावर हाय. काठी न्हाई मोडली, तुमी मोडली."

बापू हसला आणि फोन काढून मोडलेल्या टोकाचा फोटो घेतला. मी सामान गाडीत भरलं, सिरसाळ्याला जाऊन भावजयीचा निरोप घेतला आणि दुपारीच निघाले. तिनं दारात माझा हात दाबला.

घरी आल्यावर दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, टोक कापून दोरी ओवायची नवी कडी बसवता येईल, पण काठी ताठ होईल, आधीसारखी वाकणार नाही. मी त्याच्याकडूनच साडेतीन हजारांची काठी घेतली आणि ते महागडं रीळ तिच्यावर चढवलं. पैठणला दोनदा वापरली. खरं सांगायचं तर नव्वद टक्के काम तीच करते. म्हणून सल्ला असा: रीळ चांगलं घ्या, काठी मध्यम घ्या. मासा हाताला बोललेला ऐकायची हौस असेल आणि पैसे आपले असतील, तर महागडी काठीही घ्या, कुणाला हिशेब देऊ नका.

पण मी हे लिहायला बसले ते सल्ल्यासाठी नव्हे. बापूनं तो फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली ओळ होती: 'आक्काची तेवीस हजाराची काठी माशानं मोडली.' काका, मामा, चुलतभाऊ, सगळे हसले. एका भाच्यानं मला विचारलं, "म्हणजे महागडं घेऊ नये ना?" मी बापूला फोन केला.

"अगं, मस्करी केली. दुसरी काठी घेऊन देतो तुला."

"काठी नको. ग्रुपवर लिही, मी हिसकावली आणि मोडली."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

"काय आक्का तू बी..." म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग मी लिहिलं, त्याच ग्रुपवर. सगळ्या काका-मामांसमोर, गयाबाईंच्या वाक्यासकट. आठ दिवस झाले, कुणी हसलेलं नाही आणि कुणी उत्तरही दिलेलं नाही. फक्त भावजयीनं त्या मेसेजखाली अंगठा उमटवला. तो तिनं अजून काढलेला नाही.