चौथा चतकोर

आमच्या शेजारचे महादेवराव वानखडे गुरुजी म्हणजे हट्टी माणूस. अकोल्याच्या या नव्या वस्तीत सगळीकडे पोळ्या होतात, यांना मात्र ज्वारीची भाकरच लागते, तीही स्वतःच्या हातची. डबा लावून देते म्हटलं तर म्हणाले, "डब्यातल्या भाकरीले पापुद्रा नसते." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांची ओसरी आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात कमरेएवढी भिंत आहे. त्यामुळे त्यांचं जेवण मला रोज दिसतं आणि बोलणंही ऐकू येतं.

गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर दुसरी-तिसरी शिकवली. जमुनावहिनी गेल्यापासून एकटेच असतात. मुलगा स्वप्निल अमरावतीला, हाकेच्या अंतरावर म्हणा ना, पण येतो फक्त सणाला. रोज संध्याकाळी फोन मात्र करतो, गुरुजी तो स्पीकरवर घेतात.

गुरुजी एकच भाकर थापतात, तिचे चार चतकोर करतात आणि पहिला भिंतीवर ठेवतात. तो गाईचा. वहिनींची रीत होती ती. वस्तीला फाटक बसल्यापासून गाय फिरकत नाही, सकाळी साळुंक्या तो तुकडा नेतात. मी एकदा बोलून गेले, "गुरुजी, गाय तर येत नाही."

"ठेवनारी बी येत नाही," ते म्हणाले. "म्हून काय ठेवनं सोडू?"



उरलेले तीन ते खातात आणि स्वप्निलला सांगतात, "एक भाकर खाल्ली." यात खोटं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्धं किंवा अर्ध्याच्या वर झालं की पुढच्या पूर्णाकडे न्यायचं, हा नियम त्यांनी अर्ध्या जिल्ह्याला शिकवलाय.

यंदा पलीकडच्या पौर्णिमाची पायल तिसरीत गेली. शाळेत पाव, अर्धा, पाऊण सुरू झालं आणि पोरगी रडकुंडीला आली. पौर्णिमा नोकरीवाली, तिला वेळ कुठला? तिनं गुरुजींना गळ घातली, पण अट आधीच सांगून टाकली, "चाचणीत मार्क आले तर तुमच्याचकडं ठेवतो. नाई तर कोपऱ्यावरच्या क्लासमंदी टाकतो."

त्या दिवसापासून गुरुजी दुपारीच दाढी करायला लागले! इस्त्रीचा सदरा, खिशात खडू. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वहिनी गेल्यावर भिंतीपलीकडून पहिल्यांदाच दोन आवाज येत होते.

ओसरीवर त्यांनी खडूनं तीसपासून चाळीसपर्यंत रेघ आखली. पायलनं अडतीसवर उभं राहायचं आणि जवळच्या दहाकडे उडी मारायची. पस्तीसवर ती भांडायची, "मी तं मधातच हाओ न!"

"मधात आलं का पुढंच जायाचं, बेटा."

आणि पाव शिकवायला भाकर. पुस्तकातला गोल खाता येत नाही, असं गुरुजी म्हणायचे. गरम भाकर मोडायची, पहिला चतकोर भिंतीवर ठेवायचा, मग दोघांनी मिळून मोजायचं आणि खायचं. पोरगी आईच्या हातचं खात नसे, इथे मात्र ठेच्याला बोट लावून भाकर खायची.

चाचणीचा पेपर मिळाला त्या संध्याकाळी पौर्णिमा तणतणत आली.

"गुरुजी, एका भाकरीत पाव किती, एवढं सोपं विचारलं होतं. हिनं तीन लिवलं! पावकीचा पाढा तोंडपाठ हाये, अन् भाकरीचं विचारलं तं तीन? काय शिकवून राहिले तुमी पोरीले?"

"तीनच असते," पायल म्हणाली. "चौथा गाईचा असते. आजोबा तो भितीवर ठेवते अन् मंग मोजते."

पौर्णिमानं भिंतीकडे पाहिलं. चतकोर तिथंच होता. तिचा आवाज उतरला, पण ठरवलेलं काही बदललं नाही. "वाईट नका मानू, गुरुजी. परीक्षेत गाय नसते."

"बरोबर हाय तुहं." गुरुजींनी पायलच्या डोक्यावर हात ठेवला. "चारच असते, बेटा. मीच मोजाले चुकलो."

मला दोघांचाही राग आला. पौर्णिमाचा आला, कारण ती बरोबर होती. गुरुजींचा आला, कारण ते एका शब्दानंही भांडले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही गुरुजींनी दाढी केली. ओसरी झाडली, पण खडूची रेघ तेवढी वगळून. क्लास सुटल्यावर पायल आईच्या गाडीवरून समोरून गेली, हात हलवला तिनं. गाडी काही थांबली नाही.

मग त्यांनी भाकर थापली, मोडली. पहिला चतकोर भिंतीवर ठेवला. दुसरा उचलला, थोडा वेळ हातातच धरला आणि रेघेजवळ, पायल बसायची तिथं, वाटीखाली झाकून ठेवला. उरलं ते सावकाश खाल्लं. मी भाजी परतायची सोडून बघत राहिले, भाजी खाली लागली.

फोन वाजला.

"बाबा, जेवले का?"

"हो."

"किती खाल्ली?"

गुरुजींनी झाकलेल्या वाटीकडे पाहिलं. अर्धी खाल्ली होती. नियमात बसत होतं.

"एक," ते म्हणाले.