मॅचिंगवाल्या मावशी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींनी उजेडात धरून उलटसुलट पाहिला नाही, असा एकही कपडा कोविडच्या त्या दोन वर्षांत सिडनीच्या आमच्या पेंडल हिल उपनगरात उरला नसेल. बार्शीला तीस वर्षं त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. गिऱ्हाइकानं साडी आणायची, मावशींनी कपाटातून ब्लाउजपीस काढायचं, दुकानाच्या पायरीवर उन्हात दोन्ही शेजारी धरायचं आणि मगच कात्री लावायची. मुलाकडे सिडनीला तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानंच बंद झाली. दुकान बार्शीला राहिलं, नजर मात्र सोबत आली होती.

त्यांच्या लेखी लाल, हिरवा, निळा हे रंगच नव्हते. "लाल हे खानदान आहे रे," त्या मला सांगत. "त्यात कुंकवाचा आहे, डाळिंबी आहे, आमसुली आहे. नुसतं लाल म्हणजे नुसतं पाटील म्हटल्यासारखं. कुठल्या गावचे पाटील ते नको सांगायला?" दीड मीटर अंतर ठेवा अशी सूचना निघाली, तेव्हा "म्हणजे दोन ब्लाउजपीसला जरा कमी" असा त्यांनी हिशेब लावला. स्टेशनजवळच्या इंडियन दुकानाबाहेर रांगेत पुढे उभ्या असलेल्या पंजाबी बाईला त्यांनी बरोबर तेवढ्या अंतरावरून सुनावलं, "बहेनजी, ये दुपट्टा इस ड्रेस का नहीं है. धूप में जाके देखो." ती बिचारी रांग सोडून उन्हात गेली, दुपट्टा डोळ्यांजवळ नेला आणि कपाळाला हात लावून परत आली, तोवर तिच्या जागी मावशी सरकल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणतात कशा, "फुकट सल्ला दिला की नाही?"

आणि एवढं करून त्यांचा स्वतःचा ब्लाउज साडीला कधीच जुळलेला नसायचा. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "हलवायाला लाडू खाताना पाहिलंयस कधी?"

माझी सई तेव्हा अडीच वर्षांची होती. तिच्या दृष्टीनं जगातली प्रत्येक वस्तू ब्लू होती. केळं ब्लू, वरण ब्लू, बाबाही ब्लू. लॉकडाऊन उठल्यावर तिला चाइल्डकेअरमध्ये घालायचं होतं, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: मूल कोणकोणते रंग ओळखतं? मी फॉर्मवर वाढलेला माणूस. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. फीमाफीचा, हॉस्टेलचा, व्हिसाचा, असे फॉर्म भरत भरत इथवर आलो. रकाना रिकामा सोडणं मला माहीत नव्हतं. पण इथे पेन अडत होतं. पोरीला माझ्यापेक्षा दोन पावलं पुढून सुरुवात मिळावी म्हणून एवढ्या लांब आलो, आणि तीच मागे पडली तर?

मी रंगांची कार्डं छापली, लॅमिनेट केली आणि मागच्या अंगणात रोज सकाळी तास घेऊ लागलो.

"सई, हे काय?"

"ब्लू."

"नाही बेटा, लाल. म्हण, लाल."

"नो!"

मावशी कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन उन्हात धरलं. "काय रे ग्रॅज्युएट, हा लाल? तुझ्या प्रिंटरची शाई संपलीय. पोरगी पास, तू नापास." कार्डं घेऊन गेल्या त्या गेल्याच. चार दिवसांनी त्यांच्याकडून लिंबाच्या लोणच्याची वाटी आली, तिच्यावर झाकण म्हणून माझं पिवळं कार्ड होतं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात मावशींचं दुकान उघडलं आणि सई झाली शेठ. दुकान म्हणजे ती छत्रीसारखी गोल फिरणारी कपड्यांची दांडी आणि प्लॅस्टिकच्या चिमट्यांची बादली. कपड्याला त्याच्याच रंगाचा चिमटा, एवढाच नियम. पिवळ्या टॉवेलला हिरवा चिमटा आला की मावशी गिऱ्हाइकाच्या आवाजात ओरडत, "अहो शेठ, हे काय दिलंत? लग्नघरात हसतील की मला!" सई खिदळायची आणि पुन्हा मुद्दाम हिरवाच काढून द्यायची. रंगाचं नाव कुणी विचारत नसे.

मी वर गॅलरीत, मीटिंग म्यूट करून ओरडायचो, "मावशी, नावं कधी शिकवणार?"

"गिऱ्हाईक नाव घेऊन येत नाही, साडी घेऊन येतं. आधी जुळू दे. नाव सांगेल तिला वाटेल तेव्हा."

"अहो, फॉर्म द्यायचाय!"

"मग तू बस परीक्षेला. तुला तरी कुठे येतात?"

बादलीतला एक चिमटा मात्र कशालाच जुळेना. मूळचा गडद लाल असावा. उन्हापावसानं विटून तो लाल राहिला नव्हता आणि जांभळाही झाला नव्हता. सई तो रोज काढून कपड्या-कपड्याला लावून पाहायची आणि परत तळाशी ठेवायची. "असू दे शेठ," मावशी म्हणत, "आमसुली आहे तो. आमसुलीचं गिऱ्हाईक उशिरा येतं."

मग विमानं सुरू झाली. मावशींचं जाणं आणि फॉर्मचा शेवटचा दिवस एकाच आठवड्यात आले. मी सईला ब्लूच्या पुढे एकाही रंगाचं नाव घेताना ऐकलं नव्हतं.

निघायच्या सकाळी बॅगा पोर्चमध्ये लागल्या. मावशींची साडी करडी होती आणि ब्लाउज अर्थातच भलता. सई त्यांच्याकडे बघतच राहिली. एकदम अंगणात पळाली, बादली उपडी केल्याचा आवाज आला आणि ती तो विटका चिमटा घेऊन आली. मावशींच्या बाहीपाशी धरला. मान हलवली. मग त्यांचं बोट धरून त्यांना सावलीतून बाहेर उन्हात ओढत नेलं आणि पुन्हा धरला.

"आमसुली," सई म्हणाली. "मॅच!" आणि चिमटा बाहीला लावून टाकला.

मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बघ रे ग्रॅज्युएट," त्या म्हणाल्या, "माझ्या ब्लाउजला आयुष्यात पहिल्यांदा मॅचिंग मिळालं."

त्याच दुपारी मी रकाना भरला: ब्लू, आणि आमसुली. दोन दिवसांनी चाइल्डकेअरच्या बाईंचा फोन आला. त्यांनी मोठ्या गोडीनं विचारलं की हा दुसरा रंग नेमका कोणता. मी रेड म्हणालो, पर्पल म्हणालो, ब्राउन म्हणालो, आणि प्रत्येक वेळी नापास झालो. शेवटी बार्शीला फोन लावला.

"एवढंच ना?" मावशी म्हणाल्या. "उजेडात नेऊन दाखव की त्यांना."

आता दाखवू तरी काय? बाहीला लावलेला तो चिमटा मावशी तसाच घेऊन गेल्या होत्या.