त्याच्या आज्याचा मेंढा

मेंढा पारखायचा असला की तो आधी डोळे मिटायचा. मागून हात घालून जनावराची अंडं तळहातावर तोलायचा, बोटांनी हलकेच दाबायचा आणि मग म्हणायचा, "डोळ्याला फसवता येतं सायेब, हाताला न्हाई." बाजारात मेंढ्याची नुसती शिंगं आणि छाती बघून भाव करणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यांना बघून हा गालातल्या गालात हसायचा.

मी तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी हा धनगर खांद्यावर घोंगडी टाकून यायचा आणि पायरीवर बसायचा. खुर्ची दिली तर म्हणायचा, "बसून तर राहिलो की." यायचा औषधाला, पण निम्मा वेळ मलाच शिकवायचा. मला ते आवडायचं नाही. डिग्री ताजी होती, नाक वर होतं.

त्याच्या कळपाची एक रीत होती. मेंढ्या तो कुणालाही द्यायचा, कुणाकडूनही घ्यायचा. नर मात्र घरचाच. प्रत्येक मेंढ्याचा एकच मुलगा राखायचा, बाकीचे खाटकाला विकून टाकायचा. आज्याच्या वेळेपासून बापामागं मुलगा अशी ही ओळ चालत आली होती. "मेंढी म्हंजी लेक, ती जाणारच. मेंढा घर धरून ऱ्हातो," असं तो म्हणायचा.

मग सुधारित मेंढे वाटायची योजना आली. यादीत त्याचं नाव मीच घातलं, त्याला न विचारता, कळप मोठा होता म्हणून. अट अशी होती की नवा मेंढा आला की जुना खच्ची करायचा. एक उंच, पांढराशुभ्र मेंढा घेऊन मी मोठ्या मिजाशीत त्याच्या मेंढवाड्यावर गेलो. त्यानं डोळे मिटले, हात घातला आणि लगेच काढून घेतला.

"सायेब, ह्ये कच्चं हाय. सुपारीएवढं बी न्हाई. ह्याच्यानं लेकरू व्हायचं न्हाई."

"याच्या बापाचा कागद आहे माझ्याकडे!"

"आसंल. पण माझा मेंढा काहून खच्ची करता? त्याचं राखलेलं पोरगं औंदा रोगानं मेलं. एक साल थांबा, दुसरं राखतो, मंग करा."

"अट म्हणजे अट."

मी पिशवीतून खच्ची करायचा लोखंडी चिमटा काढला. आपला मेंढा त्यानंच धरला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दाबताना त्यानं तोंड फिरवलं होतं. मला घाई होती, दुपारी अजून दोन कळप करायचे होते.

पुढच्या हंगामात त्याची एकही मेंढी व्याली नाही. चार धनगरांसमोर मी बोलून गेलो, "म्हातारा मेंढ्यांना उपाशी ठेवतो, गाभ कुठून धरतील?" तो तिथेच उभा होता. मान खाली घालून ऐकत राहिला. नंतर मी गुपचूप पांढऱ्या मेंढ्याचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. आजारी म्हणून मेंढा परत पाठवला आणि तोंड शिवून बसलो. लाज वाटली नाही असं नाही. पण नोकरीपुढे ती टिकली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, हिंगोली जिल्हा झाल्यावर, एका प्रशिक्षणात एक तरुण मॅडम फळ्यावर आकृती काढून सांगत होत्या. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं. नराचं बीज तयार करणारी काही जनुकं त्याच्यावरच असतात. शेवटचा नर गेला की ती ओळ संपली, मग मागे लेकी कितीही असोत. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्या वर्गात मात्र मला मान वर करवेना.

दुसऱ्याच आठवड्यात त्याला शोधत गेलो. औंढ्याच्या वाटेवर एका बाभळीखाली सापडला, दहा-बारा मेंढ्या उरल्या होत्या. तो पांढरा मेंढा निर्बीज होता, हे मी एकदाचं सांगितलं. वाय गुणसूत्राचंही सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमचा आजा ह्येच म्हणायचा," तो म्हणाला. मग माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "जाऊ द्या सायेब. तवा तुमाला ठाव नव्हतं. ठाव आसतं तर तुमी चिमटा लावला नसता, व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो राहिला नव्हता, मेंढ्याही विकल्या गेल्या होत्या. बाभळीखाली त्या दिवशी त्यानं मला सोडवलं आणि मी सुटून घेतलं. मला ठाव होतं. चिमटा लावायच्या आधी त्यानंच तर सांगितलं होतं.