सुनेचा खोकला

सोमवार, २४ नोव्हेंबर. कोहळं किसून चाळणीत निथळत ठेवलं आहे, उडदाची डाळ भिजली आहे, वड्या उद्या घालायच्या. किसाचं पाणी गळेपर्यंत हात रिकामे आहेत, तेवढ्यात माझ्या थोरल्या नणंदबाईंविषयी लिहून टाकते. गोंदियापासून पार अर्जुनीपर्यंत असा एकही डॉक्टर नाही ज्याला त्यांनी उलटा प्रश्न विचारलेला नाही. एखादा सुटला असेल तर तो नुकताच बदलून आलेला असणार.

बाईंनी सत्तरी ओलांडली आहे. अंग तुराटीसारखं, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. आजार एकही नाही, पण आरोग्य शिबिर चुकवलं असं कधी झालं नाही. रक्तदाब दोनदा मोजून घेतात, एकदा स्वतःसाठी आणि एकदा मशीनची परीक्षा म्हणून. दोन्ही आकडे वेगळे आले की सिस्टरला विचारतात, “यातला माझा कोनता?” मागच्या उन्हाळ्यात डोळ्यांचं शिबिर होतं. डोळ्याच्या आतला फोटो काढायचा, आणि डॉक्टर नसला तरी संगणक तो फोटो वाचून साखरेनं पडदा खराब झाला आहे का ते सांगणार. संगणकानं सांगितलं, दोन्ही डोळ्यांत काही दोष नाही. बाई खुर्चीवरून उठेनात. “मग सुईत धागा काऊन जात नाही?” शिबिरातली मुलगी म्हणाली, “आजी, त्याला चष्मा लागतो, ते हे मशीन पाहत नाही.” बाई म्हणाल्या, “मग तसं सांग ना. दोष नाही म्हनू नको. दोष आहे, मशीनले विचारला नाही म्हन.” मुलीनं खरंच कागदावर ‘चष्म्यासाठी पाठवावे’ असं लिहून दिलं.

बाई विधवा. सासर सोडून आमच्या गावात, म्हणजे माहेरी, येऊन चाळीसेक वर्षं झाली. गावची लेक म्हणून त्यांना डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही आणि कुणापुढे आवाज खाली आणावा लागत नाही. आमच्याकडे पुरुषमाणूस घरात शिरण्याआधी दारात खाकरतो, म्हणजे आतल्या बाया पदर सावरतात. बाईही खाकरतात, आणि असं खाकरतात की ओसरीवर पसरलेले म्हातारे पाय आखडून बसतात.

मी गावची आशा. घरोघर जाऊन ताप, गरोदरपण, लसी पाहायच्या, रजिस्टर भरायचं. यंदा क्षयरोगाच्या मोहिमेत फोनमध्ये खोकला ऐकणारं ॲप आलं. माणसानं फोनपुढे तीनदा खोकायचं, मग आ, ई, ऊ असे लांब स्वर काढायचे. फोन ते ऐकतो, हजारो खोकल्यांशी ताडून पाहतो आणि हिरवा किंवा लाल ठिपका दाखवतो. लाल आला तर थुंकी तपासायला पाठवायची. हिरवा आला आणि माणूसही खोकला येत नाही म्हणाला तर पुढचं घर. साठीतले शेतकरी हाताची घडी घालून पहिलीतल्या पोरांसारखे आ, ई, ऊ करताना पाहून माझी हसून पुरेवाट होई. बाई तर न बोलावता माझ्याबरोबर निघत आणि प्रत्येकाला गुण देत. “याचा ई बरा आहे, ऊ फाटका आहे.”

गेल्या बुधवारी आम्ही बापूच्या घरी गेलो. बापू म्हणजे बाईंच्या बरोबरीनं गावात खेळलेला माणूस, आता मोठ्या शेतीचा धनी. ओसरीवर खाटेवर बसला होता. सून ममता आतून आली. हे तिचं खरं नाव नाही. तेवीस वर्षांची, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. मी विचारलं, “खोकला येतो का?” तिनं मान हलवली, नाही. फोन धरला, ती तीनदा खोकली, आ, ई, ऊ केलं. हिरवा ठिपका. मी रजिस्टरवर खूण केली आणि चपला घातल्या.

रस्त्यावर येताच बाईंनी माझं मनगट पकडलं. “त्या पोरीले परत बोलाव.”

“काऊन? हिरवं आलं ना बाई.”

“सासऱ्यापुढे खोकलली वो ते. पदर तोंडात कोंबून. ते सुनेचा खोकला होय, त्यात आवाज नसते. तुझ्या मशीनले काय ऐकू जाईल?”

“मग तुम्हाला कसा ऐकू आला?”

“मले कुठं ऐकू येते बारीक? मी खांदे पाहिले. तीन खोकल्यांनी असे खांदे हालत नाहीत, चार दिवसांचं दाबलेलं होतं त्यात.”

मला राग आला. पंधरा वर्षं हे काम करते, आणि घरच्या मालकासमोर उभी करून सुनेला छातीचा प्रश्न विचारते. कोणती सून खरं सांगेल? चूक फोनची नव्हती. उभं कुठं करायचं ते मी ठरवलं होतं.

आम्ही ममताला धुणं घेऊन बोडीवर यायला सांगितलं. दुपारी तळ्याच्या पाळीवर कुणी नव्हतं. बाई म्हणाल्या, “पदर काढ. आता खोक, जसा रात्री उशीत तोंड घालून खोकतेस ना, तसा, पन उशी नाही.” पोरगी खोकायला लागली ती थांबेचना. तीन खोकल्यांनंतर मी फोन बाजूला घेतला तरी ती खोकतच होती, पाळीवर दोन्ही हात टेकून. ठिपका लाल आला. बाई मला म्हणाल्या, “पाहा, मशीन शहानी आहे. येडी तू.”

ममतानं सांगितलं, महिना होऊन गेला. रात्री घाम येतो, दूध कमी झालं आहे. सांगितलं कुणाला नाही, कारण नणंदेचं लग्न जमून राहिलं आहे, आणि घरात टीबी आहे असं कळलं तर पाहुणे फिरतील. थुंकीची डबी मी तिथेच दिली.

आज दुपारी अहवाल आला. क्षयरोग आहे. मी बापूच्या घरी जाऊन सांगितलं. बाई सोबत होत्याच. बापू खाटेवरून उठला. “ममताले टीबी नाही. मशीननं सांगतलं ना हिरवं!”

“तू जे ऐकू दिलं तेच मशीननं सांगतलं,” बाई म्हणाल्या.

“हळू बोल. पोरीचं लग्न आहे. मार्चनंतर पाहू दवाखान्याचं.”

“मार्चपर्यंत सून राहील का? घरात मयत झाली तर वर्षभर लग्न होते का रे बापू? आन ते लेकरू? रोज तिच्या छातीशी आहे ते.”

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “सासरी मी सहा महिने पदरात खोकलली. रक्त लागलं तवा इकडे आनून टाकलं मले. पोरगी होती अंगावर. मी तेवढी वाचली.” एवढंच. हे मला लग्नानंतर सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बापूला ते ठाऊक असावं, कारण तो भिंतीकडे पाहू लागला. मग म्हणाला, “उद्या मीच नेतो गाडीवर.” मी म्हटलं, “सकाळी नऊला. बाळालाही घ्या, त्याचीही तपासणी आहे. आणि गोळ्या सहा महिने, एक दिवस चुकला तर मी ओसरीवर येऊन बसेन.”

परत येताना बाईंनी विचारलं, “अशा किती सुना तू सासऱ्यापुढे खोकलवल्या?”

रजिस्टर काढून मोजलं. एकोणतीस. सगळ्या हिरव्या.

“उद्या चला बरोबर,” मी म्हटलं. “तुम्ही खांदे पाहा.”

बाई दारातल्या दगडावर बसल्या. “एकोनतीस बायांचे खांदे आता नाही होत मायाच्यानं. डोरे बी गेले आता. तुझ्या फोनले ऐकू येते ना, मग त्याले जवळ ने. मले जेवढं दिसलं तेवढं दिसलं.” त्यांना एवढं थकलेलं मी पाहिलं नव्हतं. पाण्याचा तांब्या आणून दिला.

मंगळवार. वड्या घातल्या नाहीत. कोहळ्याचा कीस शेजारणीला देऊन टाकला आणि उजाडताच फोन घेऊन बोडीवर गेले. रात्रीच निरोप धाडले होते, सूर्य वर येईपर्यंत धुण्याच्या निमित्तानं अकरा सुना आल्या. पहिलीला म्हटलं, इथे कुणाचा सासरा नाही, पदर सोड आणि मोकळी खोक.