गुळाची तुला

आईने नवस बोलताना माझं पुढचं वजन हिशेबात धरलं नव्हतं. "पोरगा बरा होऊ दे, गुळाने त्याची तुला करीन," असं गावदेवीला सांगून ती मोकळी झाली. तेव्हा मी काडीपैलवान होतो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडवर एका सकाळी छाती अशी धडधडली, की आता आपण संपलो असं वाटून मी एका भाजीवालीच्या टोपलीतच बसकण मारली. मी वाचलो, वांगी वाचली नाहीत. त्यानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी हातापायांना घाम फुटायचा.

पुढे डॉक्टरांच्या गोळ्यांनी मी झोपू लागलो, कामावर जाऊ लागलो आणि जेवू लागलो. फारच जेवू लागलो. आईला नवस आठवला, पण एक अडचण होती.

"गोळ्या चालू आहेत ना अजून?"

"हो. इतक्यात बंद करायच्या नाहीत म्हणालेत."

"मग बरा कुठे झालास? देवीपुढे खोटं बोलून तागडीत बसणार?"

खरं तर हीच धास्ती मलाही होती. माझं बरेपण माझं की त्या गोळीचं? सकाळी उठल्यावर मी आधी छाती चाचपायचो, धडधड परतली नाही ना म्हणून. शेवटी तुलेच्या दिवशी सकाळची गोळी मी घेतलीच नाही. म्हटलं, निदान आज तरी देवीसमोर खरं बसू.

देवळाच्या तुळईला वखारीतून आणलेला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात मी मांडी घातली, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी चढू लागल्या. ढेपी संपल्या, माझं पारडं जमिनीवरच. गूळ माझ्या लग्नातल्या वजनाच्या अंदाजाने आणला होता!

गर्दीतली एक म्हातारी कोळीण म्हणाली, "बाय, तुजा पोरगा आजारी व्हता का पंगतीला बसला व्हता?"

सगळं देऊळ हसलं. मीही हसलो. मेहुणा स्कूटरवरून बाजारात आणखी गूळ आणायला पळाला. मी उठू लागलो, तर गुरव ओरडला, "उठायचं नाही! तुला अर्धी सोडली तर नवस मोडतो."

बसलो. सगळे माझ्याकडे बघताहेत, मी कुणाकडे बघावं कळेना. मग ती धडधड परत आली. आधी बोटांना मुंग्या, मग छातीत ढोल. पळावं तर नवस मोडणार. थांबावं तर इथेच, गुळाच्या वासात, पारड्यात मरणार. मी तराजूची साखळी घट्ट धरली. ती किणकिणायला लागली.

आई पुढे आली. वाकून कानात नाही, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "सकाळची गोळी घेतलीस?"

मी मान हलवली. नाही.

"गाढवा!"

तिने कमरेची पिशवी काढली. तीत सुपारी, अडकित्ता आणि माझ्या गोळ्यांची पट्टी. कधीपासून बाळगत होती, देवी जाणे. तिने एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली, गुरवाच्या हातातलं तांब्याचं भांडं ओढून घेतलं आणि देवीचं तीर्थ माझ्या तोंडाला लावलं. गुरवाचा आ वासलेला.

"हळू श्वास घे. कुठे जायचंय आपल्याला? गूळ यायचाय अजून."

गोळीचा गुण इतक्या लवकर येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी साखळीची किणकिण हळूहळू थांबली. कोळणीने पदराने मला वारा घातला. "आमी हाव ना रं. भिऊ नको."

मेहुणा ढेप खांद्यावर घेऊन आला. गुरवाने गाऱ्हाण्यासाठी हात जोडले. "आई देवी, तुझं लेकरू बरं झालं..."

"बरं होतंय," आईने त्याला तोडलं.

"अहो वहिनी, नवस बरं झाल्यावरचा असतो."

"इथवर तिनं आणलंय, पुढचंही बघेल. तिचे आभार आजच मानते. होतंय म्हणा."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं, "लेकरू बरं होतंय" असं. ढेप पारड्यात पडली आणि माझं पारडं डुगडुगत जमिनीवरून सुटलं.