बुडालेला थेंब

पूल ओलांडला तरी वन्संचा वेग कमी होईना. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, मी पाय ओढत मागे.

"वन्सं, रक्तपेढी कुठे पळून जातेय का? रिक्षा करू या."

"तू कर. मी चालतच जाणार. मला तापून पोचायचंय."

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. गाद्यांच्या कारखान्यात खोळी शिवतात. सासरी आयुष्यभर "हिचा काय उपयोग" एवढंच ऐकलं. मान होता तो फक्त रक्तपेढीत. लग्नाआधीपासून रक्त देत आल्या, आणि दर खेपेला कारखान्यातल्या बायकांनाही ओढून नेत.

गेल्या खेपेला तपासणाऱ्या बाईंनी त्यांच्या बोटाचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. कसदार रक्त बुडतं. वन्संचं वरच तरंगत राहिलं. "चालणार नाही. लोहाच्या गोळ्या घ्या, काही महिन्यांनी परत या," म्हणत बाईंनी मान वर न करताच पुढचीला बोलावलं. मागे कारखान्यातलीच कुणीतरी फिस्सकन हसली. "परत या" वन्संच्या कानात शिरलंच नाही. "चालणार नाही" मात्र काळजात रुतलं.

त्यानंतर कारखान्यातली एकही बाई तिकडे फिरकली नाही. वन्संनी फिरकू दिली नाही. स्वतः मात्र गोळ्या नेमानं घेतल्या. मला वाटलं, देवानं त्यांचा राग काढून घेतला.

आज त्याच बाईंनी सोडलेला थेंब सरळ तळाला गेला.

"बुडाला ना? मोठ्यानं सांगा," वन्सं म्हणाल्या.

"बुडाला हो मावशी! छान आहे. झोपा त्या खाटेवर."

वन्संनी वर सारलेली बाही खाली ओढली. "एवढंच तुमच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. आता एक थेंब मिळणार नाही. बसा हात चोळत."

"अहो, रक्त मला नको, पेशंटला हवंय!"

"मग त्यांना सांगा, मला कुणी हाकललं ते."

जिन्यात मला राहवेना. "वन्सं, त्या पेशंटनं तुमचं काय घोडं मारलंय?"

त्या कठड्याला धरून थांबल्या. चेहरा शांत होता, त्याचीच मला भीती वाटली.

"तू रोज देवापुढे बसतेस. तुझं तो ऐकतो. माझ्यासाठी एक मागशील? त्या तपासणाऱ्या बाईच्या घरी एकदा रक्त लागू दे, आणि माझ्याशिवाय कुणाचंच जुळू नये."